शुल्क आधी, खर्च नंतर

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

महाविद्यालयाचे शुल्क वाढले की संस्थेकडून येणारे उत्तर ठरलेले असते. शिक्षण देण्याचा खर्च वाढला, म्हणून शुल्क वाढवावे लागले, असे सांगितले जाते. पालकही ते बहुधा मान्य करतात, कारण बाजारातील व्यवहाराची आपल्याला तशीच सवय आहे. आधी वस्तू तयार करण्याचा खर्च धरायचा आणि त्यावरून किंमत ठरवायची. खासगी विद्यापीठांच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा उलटा असतो, असे मला आज मांडायचे आहे. किती पैसा गोळा करता येईल हे तेथे आधी ठरते आणि मग तेवढा खर्च उभा राहतो. हे मान्य केले, तर शुल्कवाढीसंबंधी विचारायचे प्रश्नही बदलतात.

उदाहरणे मी अमेरिकेतील घेणार आहे आणि त्याला कारण आहे. तेथील धर्मादाय स्वरूपाच्या खासगी विद्यापीठांना दरवर्षी करखात्याकडे ‘फॉर्म ९९०’ नावाचे विवरणपत्र भरावे लागते. त्यात उत्पन्न, खर्च, गुंतवणूक आणि सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या पदाधिकाऱ्यांचे वेतन असते आणि ते कोणालाही पाहता येते. शिवाय विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय मदत स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपल्या खर्चाची वर्गवारी सरकारला कळवावी लागते. खासगी विद्यापीठ पैशाचे काय करते, हे इतक्या दीर्घ काळासाठी आणि इतक्या उघडपणे पाहता येण्याची सोय फार थोड्या देशांत आहे. आणि हा विषय आपल्यापासून दूरचाही नाही. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली होती.

प्रथम संस्थांची बाजू न्याय्यपणे मांडली पाहिजे. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी संगीत, नाट्य अशा कलांच्या अर्थकारणाचा अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण साधे होते. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तेवढ्याच माणसांकडून अधिक उत्पादन निघते आणि वेतन वाढते. चार वादकांना एखादी रचना वाजवायला मात्र दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो. तरीही त्यांचे वेतन इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वाढवावेच लागते, नाहीतर वाजवायला कोणी उरणार नाही. वर्गात शिकवण्याचेही तसेच आहे. एका शिक्षकाने तीस विद्यार्थ्यांना एक तास शिकवायचे, यात ‘उत्पादकता’ वाढवणे म्हणजे बहुतेक वेळा वर्गात साठ विद्यार्थी बसवणे, आणि ते शिक्षणाच्या मुळावर येते. म्हणून महागाईपेक्षा शिक्षणाचा खर्च थोडा अधिक वेगाने वाढणे स्वाभाविक आहे. हे विश्लेषण मला पटते.

पण या कारणाने सगळी वाढ समजावून सांगायची असेल, तर वाढलेला पैसा शिक्षकांच्या वेतनात दिसला पाहिजे. अमेरिकेतील विद्यापीठ प्राध्यापकांच्या संघटनेची आकडेवारी वेगळे सांगते. १९८७ साली तेथील ४७ टक्के अध्यापक कायमस्वरूपी नेमणुकीच्या वाटेबाहेर, म्हणजे कंत्राटी किंवा आपल्याकडे ज्याला तासिका तत्त्वावर म्हणतात तशा नेमणुकीवर होते. २०२१ साली हे प्रमाण ६८ टक्के झाले. यात सरकारी आणि खासगी दोन्ही संस्था आल्या. ज्या काळात शुल्क महागाईला मागे टाकून धावत होते, त्याच काळात शिकवण्याचे काम स्वस्त केले जात होते. शिक्षक महाग झाले म्हणून शुल्क वाढले, असे म्हणणाऱ्या संस्थेला या दोन गोष्टींचा मेळ घालून दाखवावा लागेल.

येथे दुसऱ्या एका बोवेन यांचा विचार उपयोगी पडतो. हॉवर्ड बोवेन हेही अर्थतज्ज्ञ होते, पण ते बाहेरून टीका करणारे नव्हते. ग्रिनेल कॉलेज आणि आयोवा विद्यापीठ यांचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले होते. १९८० साली त्यांनी उच्च शिक्षणाच्या खर्चाविषयी काही नियम मांडले. संस्थेचे प्रमुख ध्येय उत्कृष्टता, प्रतिष्ठा आणि प्रभाव हे असते. या ध्येयांसाठी किती पैसा लागेल याला मर्यादा नसते. म्हणून प्रत्येक संस्था जमेल तेवढा पैसा उभा करते आणि उभा केलेला सगळा पैसा खर्च करते. या सर्वांचा परिणाम म्हणजे सतत वाढत जाणारा खर्च. ज्याने स्वतः विद्यापीठाची अंदाजपत्रके मंजूर केली त्याने हे लिहिले, म्हणून मला त्याचे वजन अधिक वाटते.

यात कोणी लबाड आहे असे गृहीत धरण्याची गरज नाही. धर्मादाय संस्थेला भागधारक नसतात, त्यामुळे उरलेला पैसा वाटून घेता येत नाही. तो संस्थेतच राहतो आणि संस्थेत प्रत्येकाकडे त्याच्या चांगल्या वापराची एक योजना तयार असते. ग्रंथपालांना नवी दालने हवी असतात, विज्ञान शाखेला प्रयोगशाळा, विद्यार्थी कल्याण विभागाला अधिक समुपदेशक. यातली एकही मागणी वाईट नसते. अडचण अशी की विद्यार्थी नेमके किती शिकले हे मोजण्याचे सर्वमान्य साधन नसल्यामुळे संस्थेची गुणवत्ता तिने किती खर्च केला यावरून जोखली जाते. १९८३ पासून गाजत आलेल्या ‘यूएस न्यूज’ या नियतकालिकाच्या विद्यापीठ-क्रमवारीत प्रति विद्यार्थी खर्चाला स्वतंत्र गुण आहेत. म्हणजे एखाद्या विद्यापीठाने तेच शिक्षण कमी खर्चात देऊन दाखवले, तर क्रमवारीत त्याचे गुण वाढण्याऐवजी कमी होण्याचीच शक्यता अधिक. काटकसरीची शिक्षा मिळते आणि उधळपट्टीला गुण मिळतात, अशा व्यवस्थेत विश्वस्तांकडून संयमाची अपेक्षा करणे कठीण आहे.

आता शुल्काकडे वळू. अमेरिकन खासगी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात दिलेला आकडा आणि विद्यार्थ्याकडून प्रत्यक्षात घेतली जाणारी रक्कम या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेज बोर्ड या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये चार वर्षांच्या, नफा न कमावणाऱ्या खासगी महाविद्यालयांचे सरासरी छापील शुल्क ४३ हजार डॉलरांच्या पुढे होते. नव्याने प्रवेश घेणारा पूर्णवेळ विद्यार्थी शिष्यवृत्ती वजा जाता सरासरी सुमारे साडेसोळा हजार डॉलर भरत होता आणि महागाईचा हिशेब केला तर हा निव्वळ आकडा जवळजवळ दोन दशकांपूर्वीपेक्षा कमीच होता. विद्यापीठांच्या वित्त अधिकाऱ्यांची संघटना दरवर्षी सवलतीचे प्रमाण मोजते. २०२३-२४ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिलेली सवलत छापील शुल्काच्या सुमारे ५६ टक्के होती. छापील किमतीवर निम्म्याहून अधिक सूट कायमच मिळत असेल, तर त्या छापील किमतीला अर्थ काय उरतो, असा प्रश्न कोणालाही पडेल.

अर्थ उरतो, आणि तो बराच उरतो. पहिला असा की कोणी तरी ती पूर्ण किंमत भरतो; श्रीमंत घरातील विद्यार्थी भरतो आणि परदेशातून आलेला विद्यार्थी बहुतेक वेळा भरतो. दुसरा असा की मोठा आकडा दर्जाची खूण समजला जातो. पेनसिल्व्हेनियातील अर्सायनस कॉलेजने २००० साली शुल्क १७ टक्क्यांहून अधिक वाढवले, बरोबरीने शिष्यवृत्त्याही वाढवल्या, आणि येणारे अर्ज घटण्याऐवजी वाढले. हे पाहिल्यावर इतरांनी वेगळा धडा का घ्यावा? तिसरा अर्थ मला सर्वांत अस्वस्थ करतो. ‘शिष्यवृत्ती’ म्हणून दिल्या जाणाऱ्या या रकमेचा मोठा भाग कोणत्याही निधीतून येत नाही. संस्था तो छापील शुल्कातून केवळ वजा करते. कोणाला किती सूट दिली की तो प्रवेश घेईल, याचा अंदाज बांधण्याचे एक शास्त्रच तयार झाले आहे. बॉस्टन कॉलेजमध्ये १९७० च्या दशकात ‘प्रवेश व्यवस्थापन’ या नावाने त्याची सुरुवात झाली आणि आज त्यासाठी सल्लागार कंपन्या आहेत. जिची गरज वीस हजार डॉलरांची आहे अशा एका मुलीला ती पूर्ण रक्कम देण्यापेक्षा, ज्यांना गरज नाही अशा चार मुलांना प्रत्येकी पाच हजारांची गुणवत्ता शिष्यवृत्ती दिली तर चारही मुले उरलेले शुल्क भरून येतात, हा हिशेब या शास्त्रात सरळ बसतो. संस्थेच्या दृष्टीने तो फायद्याचा आहे. ती मुलगी मात्र बाहेर राहते, किंवा कर्ज काढून आत येते.

शिवाय छापील आकडा पाहूनच अनेक गरीब घरांतील मुले अर्ज करत नाहीत. यावर उपाय म्हणून २००८ च्या कायद्याने प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या संकेतस्थळावर निव्वळ शुल्काचा अंदाज देणारे गणक ठेवणे बंधनकारक केले आणि २०११ पासून ते सुरू झाले. ही चांगली सुधारणा होती, तरी तिने मिळतो तो अंदाजच. खरी रक्कम प्रवेशाचे पत्र हातात पडल्यावर कळते. श्रीमंत विद्यापीठांमधील सवलतीची स्पर्धा हा वेगळा विषय आहे आणि न्यायालयांनी तो दोनदा हाताळला आहे. आयव्ही लीग या गटातील आठ नामवंत खासगी विद्यापीठे आणि एमआयटी ही तंत्रशिक्षणाची संस्था आपसांत बसून विद्यार्थ्यांची मदत ठरवतात, म्हणून अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९१ साली खटला भरला. पुढे अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, काही अटींवर अशा सहकार्याला दिलेली सूट २०२२ मध्ये संपली आणि त्याच वर्षी दाखल झालेल्या दुसऱ्या खटल्यात अनेक नामवंत विद्यापीठांनी कोट्यवधी डॉलर देऊन तडजोड केली. त्याच्या तपशिलात आज जात नाही.

गोळा झालेला पैसा जातो कुठे? सरकारी वर्गवारीत अध्यापन, संशोधन, शैक्षणिक साहाय्य, विद्यार्थी सेवा, संस्थात्मक प्रशासन आणि वसतिगृह-भोजनासारख्या पूरक सेवा असे रकाने असतात. अध्यापनाचा वाटा एकूण खर्चाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहतो. हा आकडा वाचताना घाई करू नये. ज्या विद्यापीठाचे स्वतःचे रुग्णालय असते त्याचा ताळेबंद रुग्णालयाच्या उलाढालीने इतका फुगतो की त्यातले अध्यापन लहान दिसते. उलट बाजूने, इमारतींचा घसारा आणि कर्जावरील व्याज वेगवेगळ्या रकान्यांत वाटून टाकण्याची पद्धत असल्यामुळे ‘अध्यापन’ या रकान्यातही बांधकामाचा पैसा असतो. ग्रंथालय आणि अधिष्ठात्यांचे कार्यालय दोन्ही ‘शैक्षणिक साहाय्या’त मोडतात. म्हणून एका टक्केवारीवरून संस्थेला चांगले किंवा वाईट ठरवणे मला मान्य नाही. एकाच संस्थेचे दहा वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, की मात्र पैसा कोणत्या दिशेला सरकला हे स्पष्ट दिसते.

प्रशासनाच्या वाढीवर टीका करणे सोपे असते, आणि तिच्यात तथ्यही आहे. पण दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सोयी, मानसिक आरोग्याची सेवा, लैंगिक छळाच्या तक्रारींची दखल, केंद्रीय अनुदानाच्या हिशेबांची पूर्तता ही कामे पन्नास वर्षांपूर्वी होत नव्हती किंवा वाईट रीतीने होत होती, आणि ती व्हायला हवीत. माझा आक्षेप प्रशासनाच्या त्या भागावर आहे ज्याचे काम केवळ अधिक उत्पन्न आणणे हे असते. प्रवेशासाठी जाहिरात, देणग्या मिळवणे, क्रमवारीतील स्थानासाठी आकडे जुळवणे यांवरचा खर्च एका संस्थेला दुसरीच्या पुढे नेतो; सर्व संस्थांनी तो केला की सर्व जण पुन्हा होते तेथेच राहतात आणि खर्च तेवढा कायम होतो.

नफा कमावणाऱ्या विद्यापीठांमध्ये ही गोष्ट टोकाला गेलेली दिसते. सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने २०१२ साली अशा ३० कंपन्यांचे हिशेब तपासून अहवाल दिला. या कंपन्यांचा जाहिरात आणि विद्यार्थी भरतीवरचा खर्च शिकवण्यावरच्या खर्चापेक्षा जास्त होता आणि त्यांचा नफासुद्धा शिकवण्यावरच्या खर्चापेक्षा जास्त होता. यातला बहुतेक महसूल केंद्र सरकारच्या कर्जांतून आणि अनुदानांतून आलेला होता, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावावर चढलेल्या कर्जातून कंपनीची जाहिरात होत होती.

धर्मादाय विद्यापीठांत सर्वांत धोकादायक खर्च, माझ्या मते, कर्ज काढून उभ्या केलेल्या इमारतींचा असतो. एका महाविद्यालयाची कथा थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात हा सगळा विषय दिसतो.

न्यूयॉर्कमधील कूपर युनियन ही संस्था पीटर कूपर या उद्योगपतीने १८५९ साली स्थापन केली. त्याला स्वतःला शाळा फारशी मिळाली नव्हती. श्रम करणाऱ्यांच्या मुलांना शिक्षण हवा-पाण्यासारखे मोकळे मिळावे, ही त्याची इच्छा होती. अब्राहम लिंकन यांचे १८६० मधील प्रसिद्ध भाषण याच संस्थेच्या सभागृहात झाले. वास्तुकला, कला आणि अभियांत्रिकी या तीनच शाखा, विद्यार्थी जेमतेम हजारभर, आणि शतकाहून अधिक काळ प्रवेश मिळालेल्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याचे शिकवणी शुल्क माफ. हे शक्य होत होते, कारण क्रायस्लर बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन या संस्थेच्या मालकीची आहे. तिचे भाडे संस्थेला मिळत असे, आणि त्या इमारतीवरील कराइतकी रक्कमही शहराऐवजी संस्थेला मिळत असे. असे उत्पन्न अमेरिकेतही दुर्मीळ आहे.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थेला तूट येऊ लागली होती. त्यावर विश्वस्तांनी काढलेला मार्ग असा होता की जुन्या अभियांत्रिकी इमारतीची जागा व्यापारी इमारतीसाठी भाडेपट्ट्याने द्यायची आणि त्याऐवजी एक नवी, जगाचे लक्ष वेधणारी इमारत बांधायची. २००६ साली क्रायस्लर बिल्डिंगखालची जमीन तारण ठेवून संस्थेने १७.५ कोटी डॉलरांचे कर्ज घेतले. त्यावरचे व्याजच वर्षाला सुमारे एक कोटी डॉलर होते. जमिनीचे भाडे २०१८ मध्ये ७७.५ लाख डॉलरांवरून ३.२५ कोटी डॉलरांवर जाणार हे करारानुसार ठरलेले होते. तोवरची वर्षे देणग्या आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावर निभावून नेता येतील, असा भरवसा होता. २००८ साली आर्थिक संकट आले. २००९ मध्ये थॉम मेन या वास्तुकाराने रचलेली इमारत उघडली. तिचे कौतुक झाले आणि तिचे व्याजही सुरू राहिले.

एप्रिल २०१३ मध्ये विश्वस्तांनी जाहीर केले की २०१४ च्या हंगामापासून प्रवेश घेणाऱ्यांना निम्मे शुल्क भरावे लागेल. विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात ठिय्या दिला आणि तो कित्येक आठवडे चालला. प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि विद्यार्थी यांच्या एका समितीने संस्थेविरुद्ध न्यायालयात दावा केला, राज्याच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी हाती घेतली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली. तिच्यानुसार आर्थिक व्यवहारांवर स्वतंत्र निरीक्षक आला, विश्वस्त मंडळात विद्यार्थ्यांना जागा मिळाली आणि मोफत शिक्षणाकडे परत जाण्याचा मार्ग शोधण्यासाठी एक समिती नेमावी लागली. २०१८ साली त्यासाठी दहा वर्षांची योजना मंजूर झाली. खर्च कमी करायचा, दरवर्षी शिल्लक टाकायची आणि शिष्यवृत्ती टप्प्याटप्प्याने वाढवायची, अशी ती योजना आहे. २०२४ मध्ये पुढचा टप्पा जाहीर झाला: त्या वर्षी आणि त्यापुढील तीन वर्षे अंतिम वर्षात असणाऱ्या विद्यार्थ्यांचे शिकवणी शुल्क माफ.

या प्रकरणात कोणी पैसे खिशात घातले नव्हते. विश्वस्त प्रतिष्ठित होते, इमारत उत्तम होती, आणि प्रत्येक निर्णय संस्थेच्या नावलौकिकासाठी घेतलेला होता. त्या निर्णयाची किंमत मात्र २०१४ नंतर प्रवेश घेणाऱ्या मुलांनी दिली, ज्यांचा कर्ज काढण्याच्या ठरावाशी काडीचाही संबंध नव्हता. मला या प्रकरणातून आशाही वाटते ती अशी, की हिशेब उघड झाला, त्यावर भांडण झाले, आणि शुल्क परत खाली आणण्याची योजना होऊ शकली. शुल्क एकदा चढले की ते कमी होऊच शकत नाही, हे म्हणणे खरे नाही.

वेगळा मार्ग निवडलेल्या संस्थाही आहेत. केंटकीतील बेरिया कॉलेज १८५५ मध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनी स्थापन केले आणि १८९२ पासून तेथे शिकवणी शुल्क नाही. प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास संस्थेत काम करतो. १९२० साली तेथील विश्वस्तांनी ठरवले की कोणत्याही अटीशिवाय मृत्युपत्राने येणारी देणगी चालू खर्चाला वापरायची नाही, ती कायमनिधीत, म्हणजे मूळ रक्कम राखून केवळ तिचे उत्पन्न वापरायच्या निधीत, टाकायची. शंभर वर्षे हा नियम पाळल्यामुळे तो निधी आज शंभर कोटी डॉलरांच्या पुढे आहे आणि संस्थेच्या खर्चाचा मोठा भाग त्याच्या उत्पन्नातून भागतो.

कायमनिधीचा विषय निघाला की हार्वर्डचे नाव येतेच. जून २०२४ मध्ये त्या विद्यापीठाचा निधी ५,३२० कोटी डॉलर होता. एवढा पैसा असताना शुल्क कशाला, असे लोक विचारतात. हा निधी म्हणजे हजारो स्वतंत्र देणग्या आहेत, त्यांतल्या बहुतेक विशिष्ट कामासाठी बांधलेल्या आहेत आणि वर्षाला साधारण पाच टक्क्यांच्या आसपासच रक्कम काढली जाते. हे उत्तर खरे आहे. तरीही देणगीदाराशी बोलणी करताना पैसा कशासाठी घ्यायचा हे विद्यापीठच सुचवत असते, हेही तितकेच खरे आहे. २०१७ च्या कायद्याने मोठ्या निधींच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर लावला आणि २०२५ च्या कायद्याने सर्वांत श्रीमंत विद्यापीठांसाठी तो ८ टक्क्यांपर्यंत नेला. या कराचा पैसा सरकारच्या तिजोरीत जातो, विद्यार्थ्याच्या शुल्कात त्याने एक डॉलरही कमी होत नाही. शुल्क माफ केल्याच्या प्रमाणात कर माफ, असे सूत्र ठेवले असते तर मी त्या कराचे समर्थन केले असते.

आता कर्जाविषयी. १९८७ साली अमेरिकेचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी असा दावा केला की सरकार विद्यार्थ्यांना जितकी अधिक मदत देते तितके शुल्क वाढवण्याचे बळ महाविद्यालयांना मिळते. त्यावर आजही वाद आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील संशोधकांना असे आढळले की अनुदानित कर्जाच्या मर्यादेतील प्रत्येक डॉलरच्या वाढीमागे सुमारे ६० सेंट शुल्कात जातात. दुसऱ्या काही अभ्यासांत धर्मादाय महाविद्यालयांबाबत इतका परिणाम दिसलेला नाही, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांमध्ये मात्र तो ठळक दिसतो. बेनेट यांचा निष्कर्ष, म्हणजे मदत कमी करा, मला स्वीकारता येत नाही. त्याने गरीब विद्यार्थी आधी बाहेर पडेल. पण कर्जाची मर्यादाच शुल्क ठरवणाऱ्या संस्थेच्या हातात देणे ही उघड चूक होती आणि पदव्युत्तर शिक्षणात तीच केली गेली. २००६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिक्षणाच्या पूर्ण खर्चाएवढे केंद्रीय कर्ज घेता येऊ लागले, आणि तो खर्च किती हे विद्यापीठ सांगणार! २०२५ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ही योजना बंद केली आणि कर्जाला ठरावीक मर्यादा घातल्या.

मधल्या वीस वर्षांत पदव्युत्तर पदव्या हे खासगी विद्यापीठांचे भरवशाचे उत्पन्न झाले होते. त्यांवर सवलत कमी, वर्ग मोठे, कालावधी छोटा. ऑनलाइन पदव्यांच्या बाबतीत तर विद्यार्थी आणण्याचे आणि अभ्यासक्रम चालवण्याचे काम बाहेरच्या कंपनीकडे देऊन शुल्काचा निम्मा, काही ठिकाणी निम्म्याहून अधिक वाटा तिला देण्याचे करार झाले. पदवीवर नाव विद्यापीठाचे, शुल्क विद्यापीठाचे, आणि त्यातला मोठा भाग विद्यार्थी भरतीवर खर्च झालेला. या व्यवसायातील सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेल्या टू-यूने २०२४ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. परदेशी विद्यार्थी याच पदव्युत्तर वर्गांत मोठ्या संख्येने असतो. त्याला केंद्रीय कर्ज मिळत नाही, सवलत क्वचित मिळते, आणि तो छापील शुल्क आपल्या देशात काढलेल्या कर्जातून भरतो. आपल्या शुल्काने कोणाची शिष्यवृत्ती आणि कोणत्या इमारतीचे व्याज भागते आहे, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

म्हणून माझी मागणी शुल्कावर सरसकट मर्यादा घालण्याची नाही. अशी मर्यादा घातली की शुल्काच्या जागी ‘विकास निधी’, ‘सुविधा आकार’ अशा नावांनी तोच पैसा येतो आणि कापायचे झाले तर पहिली कात्री शिकवणाऱ्यावर चालते. माझी मागणी उत्पन्न आणि खर्च यांच्या क्रमाविषयी आहे. खासगी विद्यापीठाने पुढच्या वर्षाचे शुल्क जाहीर करताना त्यातला किती भाग वर्गातील शिकवण्याला, किती सवलतीला, किती कर्जफेडीला आणि किती प्रवेशाच्या जाहिरातीला जाणार हे त्याच पानावर द्यावे. मोठे कर्ज काढण्यापूर्वी त्याचा प्रति विद्यार्थी भार विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना लेखी कळवावा आणि विश्वस्त मंडळात त्यांचे मत देणारे प्रतिनिधी असावेत. प्रथम वर्षाला दिलेली सवलत पुढच्या वर्षांत कमी करता येणार नाही, हे प्रवेशपत्रातच लिहून द्यावे. कारण दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती घटली तर विद्यार्थ्याला बाजारात दुसरीकडे जाता येत नाही, तो अडकलेला असतो.

आणखी एक गोष्ट कायद्याने करायला हवी. फिलाडेल्फियातील युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने ३१ मे २०२४ रोजी संस्था बंद होत असल्याचे जाहीर केले आणि ७ जूनला ती बंद झाली. लहान खासगी महाविद्यालये यापुढेही बंद पडणार आहेत, कारण २००८ नंतर अमेरिकेत जन्म कमी झाले आणि ती घट आता महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचली आहे. घेतलेल्या शुल्कातून काही रक्कम अशी वेगळी ठेवली पाहिजे, की संस्था बंद पडली तरी आत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांची पदवी पूर्ण होईपर्यंत शिकवता येईल. ही रक्कम कर्जदारांच्या आणि रोखेधारकांच्या हाती लागणार नाही अशा स्वतंत्र खात्यात असावी, आणि दरवर्षीच्या लेखापरीक्षणात तिची नोंद वेगळी दाखवली जावी.